वेल मांडवभर, घड मात्र नाही!

नांदेड आणि लातूर या शहरांत अंगणातल्या जाईजुईच्या मांडवावर कोठे कोठे द्राक्षवेलही चढलेली दिसते. रोपवाटिकेतून हौसेने आणलेले रोप दोन वर्षांत मांडव झाकून टाकते आणि उन्हाळ्यात गार सावली देते. मात्र तिसरे वर्ष सरले तरी घड लागत नाही. लागलाच तर मणी आंबट राहतात किंवा पावसाळ्यात पाने करपून गळतात. मग खत आणि पाणी वाढविले जाते, कुणी सुचविलेले औषध फवारले जाते. वेल अधिकच फोफावते. घड काही येत नाही. या तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ औषधाच्या नव्हे, तर कात्रीच्या अभावात असते.

न झोपणारी वेल

थंड प्रदेशात हिवाळ्यात द्राक्षाची पाने गळतात, वेल विश्रांती घेते आणि वसंतात फुटते. मराठवाड्यात तेवढी थंडी पडत नाही, त्यामुळे वेल बारा महिने वाढत राहते. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे नोंदवून ठेवले आहे. पावसाळ्यात येणारे पीक मात्र आंबट आणि रोगट निघते. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदारांनी दोन वेळा छाटणी आणि एकच पीक ही पद्धत स्वीकारली. घरच्या एका वेलीलाही हाच नियम लागू आहे.

एप्रिलची छाटणी घडासाठीच

पहिली, म्हणजे खरड छाटणी, एप्रिलमध्ये करावी. मागील वर्षीच्या काड्या एक-दोन डोळे राखून कापाव्यात. हिरवा मांडव उन्हाळ्याच्या तोंडावर उघडा करणे अनेकांच्या जिवावर येते. परंतु पुढच्या हंगामातील घड याच नव्या फुटीच्या डोळ्यांत तयार होतात. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात डोळ्यांत सूक्ष्म घडाची घडण होते आणि त्यासाठी काडीवर थेट ऊन पडावे लागते. दाट सावलीतील डोळे फक्त पानेच देतात. म्हणून गर्दी करणाऱ्या फुटी काढून टाकाव्यात, उरलेल्या मांडवावर पसरून बांधाव्यात आणि या दिवसांत पाणी व नत्रयुक्त खत आवरते घ्यावे.

ऑक्टोबरची घाई नको

दुसरी, फळछाटणी, ऑक्टोबरमध्ये. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तपकिरी झालेल्या काड्यांवर सहा ते आठ डोळे ठेवून शेंडा कापावा. कोवळ्या, हिरव्या काड्या काढून टाकाव्यात. परतीचा पाऊस थांबल्याशिवाय कात्री लावू नये, कारण कोवळी फूट पावसात सापडली, तर केवडा रोग फुलोरा नासवून टाकतो. लातूरपेक्षा पाऊस अधिक असलेल्या नांदेडमध्ये हे पथ्य विशेष पाळावे. व्यापारी बागांत डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन विषारी असल्याने घरी वापरू नये.

केवडा की भुरी?

पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली, तर तो केवडा. हा ओलाव्याचा रोग आहे. पानांवर व मण्यांवर राखेसारखी भुकटी पसरली, तर ती भुरी. ती कोरड्या, ढगाळ, थंड हवेत बळावते. केवड्यावरील बोर्डो मिश्रणाचा शोध फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास लागला. रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे कुणी तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद व चुना शिंपडला जाई. त्या वेली रोगापासून बचावल्याचे मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आले.

घरगुती वापरासाठी दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, दहा ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, अशी दोन द्रावणे प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळी करून एकत्र करावीत. त्यात लोखंडी सुरी बुडवावी. तिच्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी, छाटणीनंतर उघड्या खोडाओलांड्यांवर फवारावे, घडांवर नव्हे. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम पुरते. कडक उन्हात मात्र ते फवारल्यास पाने भाजतात.

सालीखाली कापसासारखे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण होय. सुटलेली साल काढून खोड ब्रशने घासावे आणि मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण मुंग्याच या किडीचे रक्षण करतात.

पाण्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये न फळणाऱ्या वेलीला रोज बादलीभर पाणी घालणे परवडणारे नाही. शिवाय काळ्या, भारी जमिनीत जादा पाण्याने मुळे गुदमरतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असे कोवळे पान हे चुनखडीच्या किंवा सदा ओल्या जमिनीत लोह न मिळाल्याचे लक्षण आहे. तेथे आधी पाणी कमी करावे, मगच हिराकसाच्या सौम्य फवारणीचा विचार करावा. जुन्या पानांच्या कडा करपत असतील, तर कूपनलिकेच्या पाण्यातील क्षारांचा संशय घ्यावा. क्षार व पाण्याचा ताण सोसण्यासाठी राज्यातील बागांत डॉगरिज खुंटावर कलम करण्याची पद्धत रूढ झाली. नवे रोप घेताना असेच कलम मागावे. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवल्यास ओल टिकते. भाज्या धुतलेले पाणी वेलीला चालते, साबणाचे नको.

गोडी कशी येते?

साखर पानांत तयार होते. त्यामुळे एका घडामागे किमान बारा ते पंधरा निरोगी पाने हवीत आणि एका काडीवर एकच घड ठेवावा. जादा घड लहान असतानाच काढणे जड वाटते, पण सगळे राखले तर सगळेच आंबट राहतात. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. चव घेऊनच घड उतरवावा. बिनबियांच्या जातीचे घरचे मणी बाजारातल्यापेक्षा लहान राहिले तर तो रोग नव्हे. बाजारातील मोठ्या मण्यांमागे बहुधा जिबरेलिक आम्ल असते.

ऑक्टोबरात छाटलेल्या वेलीची द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात. यंदा फक्त पानेच आली असतील, तर वेल उपटण्यापूर्वी एप्रिलपासून एक पूर्ण वर्ष दोन्ही छाटण्या वेळेवर करून पाहाव्यात.