संगणकाचा श्वास

धार-देवासच्या जुन्या वाड्यांत दारातून गार वारा येई आणि तापलेली हवा चौकातून वर निघून जाई. गेल्या वैशाखात निकालपत्रके करताना आमच्या शाळेचा चिमुकला संगणक वारंवार बंद पडू लागला, तेव्हा त्या चौकाची आठवण झाली. पेटी उघडून पाहतो तो पुढचा व मागचा, दोन्ही पंखे हवा बाहेरच फेकीत होते! साहजिकच फटीफटींतून माळव्याची धूळ आत ओढली जाऊन प्रोसेसरवर साचली होती. पंख्याच्या ज्या अंगास मोटर धरणारे दांडे असतात, त्या अंगाने वारा बाहेर पडतो. धूळ झाडून पुढचा पंखा उलटा बसविला, त्यास जाळी लावली आणि पेटी भिंतीपासून वीतभर सरकविली. निकाल वेळेवर लागला. वाचकहो, नवा पंखा घेण्यापूर्वी वारा येतो कोठून व जातो कोठे, एवढे अवश्य पाहावे.