गवळाऊची चाल आणि खुरातलं दुखणं

कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या गवळाऊ बैलाचं नाव त्याच्या चालीमुळे झालं. पांढरा-राखाडी रंग, सडपातळ बांधा, लांबट तोंड आणि डोंगराळ वाटेवरही न रेंगाळणारं पाऊल. मराठा फौजांचं सामान झपाट्याने हलवायला ही जनावरं कामी येत, असं सांगतात. कारंजा, आर्वी, आष्टी हा या जातीचा मूळ टापू. तालुक्यातल्या हेटीकुंडीला तिच्या पैदाशीसाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. अशा जनावराचा पाय दुखावला तर त्याचं सगळं मोल धोक्यात येतं. तरीही हे दुखणं गावोगाव उशिरा ध्यानात येतं, कारण बैल पाय उचलून धरेपर्यंत त्याला लंगडा म्हणायची रीत नाही.

खरं तर तो कितीतरी आधीपासून सांगत असतो. जोडीतला एक बैल मागे पडू लागतो, जू तिरकं होतं, वळणावर तो एका बाजूला अंग टाकतो. गाय चालताना पाठीची कमान काढते, गव्हाणीकडे सगळ्यांच्या शेवटी येते, दूध कमी देते. म्हैस उठायलाच तयार नसते. धनी म्हणतो, आळशी झाली.

शंका आली की जनावराला कठीण, सपाट जमिनीवर आणावं, दावं सैल धरावं आणि सरळ रेषेत चालवत न्यावं. पाहणाऱ्याने बाजूला उभं राहावं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठ्याकडे बघायचं. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. घोड्याचंही असंच, फक्त त्याला दुडक्या चालीने पळवलं की खोट लवकर उघडी पडते. घोड्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून तो बहुधा पुढच्या पायाने लंगडतो. गाईचं दुखणं मात्र जास्त करून मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत सापडतं. सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घेणाऱ्याने तो नुसता उभा पाहून पैसे मोजू नयेत.

पाय मुरगळला असेल, खांद्यात काही झालं असेल, अशा अंदाजात दिवस जातात. गुराच्या बाबतीत आधी खूर पाहावं, कारण बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. पाय दोरीने नीट बांधून उचलला, चिखल धुऊन दोन नख्या फाकवल्या आणि मधली कातडी पाहिली, तर अनेकदा कारण डोळ्यांसमोर येतं. तूर कापल्यावर शेतात तिरपे, अणकुचीदार खुंट राहतात, पऱ्हाटीचेही राहतात. त्यातला एखादा तळव्यात शिरतो, वरून छिद्र बुजतं आणि आत पू साठतो. अंगठ्याने किंवा चिमट्याने दाबलं की जनावर नेमक्या त्या जागी पाय हिसकतं. पशुवैद्याने तिथलं खूर तासून पूला वाट करून दिली, तर पाय थोड्याच दिवसांत टेकू लागतो. जखम एकाच नखीत असेल तर दुसऱ्या, निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवतात. भार तिच्यावर जातो आणि दुखरी नखी अधांतरी राहून भरून येते. साधाच उपाय आहे, पण आपल्याकडे तो फारच कमी वापरला जातो.

पावसाळ्यात काळ्या मातीत डवरणी चालते तेव्हा नख्यांमधली कातडी सतत ओली राहते, मऊ पडते, चिरते. मग घाण वास येतो आणि खूर सडायला लागतं. जखम धुऊन कोरडी ठेवणं, गोठ्यात मुरूम टाकणं आणि डॉक्टरांकडून वेळेवर प्रतिजैविक देऊन घेणं, एवढ्याने बहुतेक जनावरं सावरतात. मोरचुदाच्या पाण्यातून गुरांचे पाय काढण्याची पद्धतही चांगली, पण ते पाणी मेंढ्यांनी पिता कामा नये. तांबं त्यांना विषारी ठरतं.

काही वेळा पाय फक्त निरोप देतो, रोग अंगात असतो. लाळ्या-खुरकूतमध्ये तोंडात आणि खुरांत फोड येतात; त्याची लस 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत, वर्षातून दोनदा दिली जाते. तिव्यात ताप येतो आणि आज या पायाने लंगडणारा बैल उद्या दुसऱ्या पायाने लंगडतो. 2022 साली लम्पीच्या साथीत कित्येक जनावरांचे पाय सुजले होते. सगळ्यांत घातक एकटांग्या, म्हणजे फऱ्या. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगाने भरलेली कालवडच बहुधा सापडते. एकाएकी ताप, मांडीवर किंवा फऱ्यावर सूज आणि ती दाबली की करकर आवाज. इथे उद्याची वाट पाहायची नसते. दिवसा-दोन दिवसांत जनावर जातं. मेलेल्या जनावराचं कातडं काढू नये, चुना टाकून खोल पुरावं, कारण या रोगाचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. लस पावसाच्या आधी टोचायची असते.

मागचा पाय क्षणभर ताठ अडकतो आणि मग झटक्याने सुटतो, असा बैल किंवा म्हैस पुष्कळांनी पाहिली असेल. गुडघ्याची वाटी जागेवर अडकल्याने असं होतं. तिला धरून ठेवणारा एक बंध कापण्याची छोटी शस्त्रक्रिया असते आणि बरीच जनावरं त्यानंतर लगेच सरळ चालतात. एवढा उपाय हाताशी असताना त्या पायाला तापलेल्या सळईने डाग देणं किंवा बिब्बा लावणं थांबलंच पाहिजे. त्याने मूळ दुखणं हलत नाही, वर भाजल्याची जखम मात्र होते.

वेदनाशामक इंजेक्शनाची गोष्ट वेगळी. ते हवंच, पण आराम वाटला म्हणून दुसऱ्या दिवशी बैल जुंपला तर आतली इजा वाढते. लंगड्या, जखमी जनावराला कामाला लावणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. औषध कोणतं, यालाही महत्त्व आहे. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभर गिधाडं संपत आली. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, तेच मागावं.

जनावराला चालवत दूरच्या दवाखान्यात नेण्यापेक्षा 1962 या मोफत क्रमांकावर फोन करून फिरतं पथक बोलवावं. फोन करताना कोणता पाय, किती दिवसांपासून, ताप आहे का, सूज कुठे आहे आणि शेवटची लस कधी टोचली, एवढं सांगता आलं की डॉक्टरांना निघतानाच गाडीत काय घ्यायचं ते कळतं.