शिकागोचे दहा, पुण्याचे साडेआठ

२०१७च्या गणेश चतुर्थीला संध्याकाळची आरती चालू असताना माझा अमेरिकेचा नंबर वाजला. आईने डोळ्यांनीच ‘घे’ म्हटलं. टाळ्यांचा आवाज मागे ठेवून मी गच्चीत गेले.

तेव्हा मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला कायदा शिकत होते. ऑगस्टच्या सुरुवातीला कॅम्पसवरच्या वीस-वीस मिनिटांच्या मुलाखती उरकून गणपतीला घरी आले होते. त्यातून निवडलेल्यांना लॉ फर्म आपल्या ऑफिसात बोलावते, त्याला तिकडे कॉलबॅक म्हणतात. पुढच्या उन्हाळ्याची नोकरी त्यावर ठरते, आणि बहुतेकदा पदवीनंतरचीही.

फोनवर शिकागोच्या एका फर्मची रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर होती. तिच्याकडे सकाळचे दहा, माझ्याकडे रात्रीचे साडेआठ. एका कॉलबॅकसाठी ती चार-पाच वकिलांचे अर्धे-अर्धे तास एकापाठोपाठ एक लावते आणि शेवटी दोन तरुण असोसिएटांबरोबर जेवण. एखादा पार्टनर ऐनवेळी कोर्टात अडकला की सगळी माळ पुन्हा ओवायची. बोलता बोलता तिच्या कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. अशा माणसाला ‘मला कधीही चालेल’ म्हणणं हा विनय नव्हे, सगळं ओझं तिच्यावर टाकणं आहे.

मी सरळ सांगितलं की मी भारतात आहे, २ तारखेला पोचेन. तिने मंगळवार, ५ सप्टेंबर सुचवला. सोमवारी लेबर डे, म्हणजे सुट्टी; आणि झोप अजून पुण्याच्याच घड्याळावर असणार. मी ७ किंवा ८ मागितली, शक्यतो सकाळची. त्याहून पुढे ढकलायची माझी तयारी नव्हती. फर्म सगळ्यांचे कॉलबॅक संपेपर्यंत थांबत नाहीत, ऑफर देत जातात. उशिरा येणाऱ्यासाठी जागा कमी उरतात.

चतुर्थीनंतरच्या सोमवारी दुसऱ्या फर्मची मेल आली, तीही शिकागोचीच. एका फेरीत दोन फर्म असल्या तर प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च त्यांच्यात वाटून घेता येतो. मात्र दोघींना आधी सांगावं लागतं. मी सांगितलं, आणि खर्च ॲन आर्बरपासूनचाच धरा, असंही लिहिलं. घरी यायचं मी ठरवलं होतं, ते तिकीट माझं. दोन्ही मुलाखती एकाच दिवशी बसवता आल्या असत्या, पण मी नाही म्हटलं. पाचव्या खोलीत पोचेपर्यंत आपलेच प्रश्न आपल्याला शिळे वाटू लागतात. दुपारी भेटणाऱ्या वकिलालाही ताजं लक्ष मिळायला हवं. म्हणून एक गुरुवारी, दुसरी शुक्रवारी.

खरी जोखीम घड्याळाची होती. शिकागो ॲन आर्बरपेक्षा एक तास मागे, पुण्यापेक्षा साडेदहा तास. फोनमधलं कॅलेंडर गाव बदललं की वेळ परस्पर बदलून दाखवतं. म्हणून प्रत्येक उत्तरात मी वार, तारीख, तास आणि पुढे ‘शिकागोची वेळ’ असं पूर्ण लिहीत होते. वहीत तीन गावांचे तीन रकाने आखले होते. आईला त्यातला पुण्याचा रकाना तेवढा पटायचा.

२९ ऑगस्टला घरी गौरी आल्या आणि मुंबई पाण्याखाली गेली. लोकल बंद, विमानं रखडलेली. माझं विमान ३१च्या रात्रीचं, मुंबईहूनच. ते सुटणार की नाही हे कळायच्या आधीच मी त्या रात्री दोघींना चार ओळी लिहिल्या: मुंबईत पूर आहे, निघायला उशीर होऊ शकतो, ७ आणि ८ तारखा आज तरी पक्क्या आहेत, बदल झाला तर त्याच दिवशी कळवीन. अडचण खरी ठरेपर्यंत गप्प राहिले असते, तर त्यांना पुन्हा माळ ओवायला वेळच उरला नसता.

विमान तीन तास उशिरा सुटलं. ७ तारखेला सव्वानऊला मी त्या इमारतीच्या रिसेप्शनवर उभी होते, शिकागोच्या वेळेने. लिफ्टमधून हातात माझं वेळापत्रक घेऊन एक बाई आल्या. आवाज ओळखीचा होता. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते पुराचं: घरचे सगळे सुखरूप आहेत ना?