किल्ल्याचा दरवाजा कसा वाचावा?

जर्मनीत शहरांना आपापलं ढालचिन्ह असतं. हॅम्बुर्गच्या लाल ढालीवर तीन बुरुजांचा पांढरा कोट आहे, बर्लिनच्या ढालीवर अस्वल. आपल्याकडे शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा कागदावर उमटायची. पण येणाऱ्याजाणाऱ्याला सत्तेची ओळख पटवायची ती दरवाजावरची द्वारशिल्पं. ती वाचायला शिकायचं तर रत्नागिरी जिल्ह्यातला सुवर्णदुर्ग गाठावा.

हर्णै बंदरातून होडी निघाली की तट दिसतो, दरवाजा मात्र चटकन दिसत नाही. तो बुरुजांच्या आड वळवून घेतला आहे. ही गोमुखी बांधणी. समोरून तोफ डागली तरी गोळा थेट फळ्यांवर येऊ नये, हा तिचा हेतू.

दरवाजाशी आलात की आधी खाली बघा. पायरीवर कासव कोरलेलं आहे. समुद्रमंथनात मंदार पर्वत बुडू लागला, तेव्हा कूर्मावतारानं तो पाठीवर तोलला. भर पाण्यात उभ्या असलेल्या किल्ल्याला हे चिन्ह चपखल बसतं. देवळात कासव देवासमोर असतं आणि इंद्रियं आवरून आत या, असं सांगतं. तोही अर्थ इथे लागू पडतो.

आता बाजूच्या तटाकडे वळा. तिथे मारुती आहे. समुद्र उल्लंघून गेलेला हा वीर गावोगावच्या वेशी राखतो, तशीच इथली वेसही राखतो.

इतर किल्ल्यांवर कमानीकडेही नजर टाकावी. कुठे माथ्यावर गणपती असतो. रायगडच्या महादरवाजावर दोन बाजूंना दोन कमळं आहेत. आत श्री आणि सरस्वती नांदतात, असा त्यांचा अर्थ सांगतात. सिद्दीच्या जंजिऱ्यावर हत्तींना पंजात पकडलेला वाघासारखा पशू, म्हणजे शरभ, आहे. बलाढ्य शत्रूही आमच्या मुठीत आहे, हा त्यातला दरारा.

मात्र शिल्पावरून किल्ला कोणी बांधला, हे लगेच ठरवू नये. सुवर्णदुर्ग आदिलशाहीकडून शिवरायांकडे आला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. १७५५ मध्ये इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सनं पेशव्यांच्या साथीनं तो जिंकला. त्या विजयाच्या स्मरणार्थ लंडनमध्ये १७८४ साली सेव्हर्नड्रूग नावाचा मनोराच उभा राहिला! धनी बदलले तरी जुनी शिल्पं अनेकदा तशीच राहिली. शिवनेरीच्या दरवाजांवर आजही शरभ आहेत. म्हणून शिल्प चिऱ्यातच कोरलंय की वेगळी शिळा मागाहून बसवलीय, शेजारच्या दगडांशी त्याची घडण जुळते का, हे जवळून पाहावं.

आणि एक कळकळीची विनंती. शिल्पांना रंग फासू नका, खडूनं रेघा ओढू नका, कासवावर पाय देऊ नका. कोरीव कडा एकदा झिजल्या की त्या काळच्या माणसांनी दगडात लिहून ठेवलेली ओळख कुणालाच वाचता येणार नाही.