तुटलेला लिगामेंट आपोआप जुळतो?

रिद्धपूर म्हटलं की लीळाचरित्र आठवतं, आता मराठी भाषा विद्यापीठही. पण वऱ्हाडातल्या कुठल्याही गावाप्रमाणे इथल्या पोरांनाही कबड्डी प्यारी. चढाईवरून परतताना पाय वळतो, गुडघ्यात 'कट' असा आवाज येतो, काही तासांत गुडघा टम्म सुजतो. मग एक जण म्हणतो, हाडवैद्याकडून बसवून घे. दुसरा म्हणतो, लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, गेला, आता ऑपरेशनच. पहिला सल्ला घातक आहे. दुसराही वाटतो तितका पक्का नाही, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

गुडघ्याच्या आतल्या कडेचा एमसीएल हा लिगामेंट सांध्याच्या पोकळीबाहेर असतो. तो फाटला की तिथं रक्त साकळतं आणि त्या गाठीच्या आधारानं नवे तंतू तयार होतात. संशोधक सॅव्हिओ वू यांच्या चमूनं १९८७ मध्ये कुत्र्यांवरचे निष्कर्ष मांडले. टाके घालून पाय जखडून ठेवलेल्या कुत्र्यांपेक्षा, टाके न घालता हिंडू दिलेल्यांचा एमसीएल चांगला भरून आला. अर्थात भरलेला भाग मूळ लिगामेंटच्या तोडीचा नव्हता.

सांध्याच्या मधोमध असलेल्या एसीएल या लिगामेंटचं दुखणं निराळं. तिथल्या द्रवात रक्ताची गाठ टिकत नाही, तुटलेली टोकं दूरच राहतात. बोस्टनच्या शल्यविशारद मार्था मरे यांनी डुकरांच्या गुडघ्यात रक्तानं भिजवलेला कोलॅजनचा स्पंज बसवला आणि टाक्यांचा आधार दिला, तेव्हा एसीएल जुळला. त्यातूनच घडलेल्या रोपणाला अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली.

मला मात्र जपानमधला उंदरांवरचा प्रयोग जास्त बोलका वाटतो. तिथं तुटलेल्या एसीएलला हातच लावला नाही. सांध्याबाहेरून नायलॉनचा धागा ओवून नडगीचं हाड पुढं सरकणं तेवढं रोखलं, आणि एसीएल आपणहून जुळून आला. म्हणजे खोट एसीएलमध्ये कमी, हलत्या सांध्यात जास्त.

माणसांत? ऑस्ट्रेलियातला ८० जणांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. दुखापतीनंतर लवकरच गुडघा ९० अंशांत वाकवून चार आठवडे ब्रेसमध्ये ठेवला, मग हळूहळू मोकळा केला. तीन महिन्यांनी ९० टक्के जणांच्या एमआरआयमध्ये एसीएल सलग दिसला. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. सलग दिसणं म्हणजे पूर्वीइतकं मजबूत होणंही नव्हे. शिवाय पाय असा वाकवून ठेवला की शिरेत रक्त गोठण्याचा धोका असतो, म्हणून हा उपाय घरच्या घरी करण्याचा नाही. उंदरांवरचा निष्कर्षही माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही: उंदीर दुखरा पाय उचलून तीन पायांवर हिंडतो. चढाईपटूला ती सोय नाही.

तेव्हा गुडघ्यात आवाज येऊन सूज आली, तर कुणालाही पाय ओढू देऊ नका, चोळू देऊ नका. त्याच आठवड्यात अमरावती किंवा अकोल्याच्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि स्पष्ट विचारा: एसीएलची टोकं जवळ आहेत का, ब्रेसचा विचार करता येईल का? महिनाभर थांबून गेलात, तर हा प्रश्न विचारण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असेल.