सूर का हलतो? वाद्ये, हवा आणि ध्वनिमुद्रण यांविषयीचे गैरसमज

भजनी मंडळांत आणि संगीतवर्गांत वाद्याचा सूर हलला की त्याचे खापर बहुधा कारागिराच्या माथी फोडले जाते. पुडी नीट मढवलेली नाही, खुंट्या धरत नाहीत, पेटी जुनी झाली, अशी कारणे पुढे केली जातात. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो किंवा ओलांडतो आणि हवा अतिशय कोरडी होते, तर पावसाळा सुरू होताच तीच हवा थोड्याच दिवसांत दमट होते. अशा ठिकाणी सूर हलण्याचे पहिले कारण वाद्यात नव्हे, तर हवेतील बाष्पात आणि उष्णतेत शोधावे लागते.

यातील सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, उन्हाळ्यात सगळी वाद्ये एकाच दिशेने सरकतात आणि म्हणून एक वाद्य थोडे वरखाली केले की बाकीची आपोआप जुळतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. तबल्याची पुडी चामड्याची असल्यामुळे कोरड्या हवेत तिच्यातील ओलावा निघून जातो, ती आवळली जाते आणि तबला चढतो. त्याच दुपारी तंबोऱ्याची पोलादी तार तापून किंचित लांबते, तिचा ताण कमी होतो आणि ती उतरते. बासरीचे कारण आणखी वेगळे आहे. हवेतील आवाजाचा वेग 20 अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे 343 मीटर, तर 40 अंशांना सुमारे 355 मीटर असतो, आणि केवळ हा फरक धरला तर बासरीचा सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा अधिक चढायला हवा. वादकाच्या श्वासाने नळीतील हवा आधीच उबदार झालेली असल्याने प्रत्यक्षात तो त्याहून कमी चढतो. पेटीतील रीड, म्हणजे हवेच्या झोताने कंप पावणारी पितळेची पातळ पट्टी, या सगळ्यांत सर्वांत कमी हलते. म्हणून मैफलीत पेटी असेल तर तिचा षड्ज आधार धरून बाकीची वाद्ये त्याच्याशी, आणि तीही कार्यक्रमाच्या जागेच्या हवेत काही वेळ ठेवल्यावरच, जुळवावीत.

दुसरा गैरसमज मराठवाड्याच्या घराघरांतील कूलरशी जोडलेला आहे. उन्हाळ्यात वाद्य गार राहावे म्हणून तबल्याची जोडी कूलरसमोर ठेवली जाते. परंतु कूलर हवा गार करतो तो ओल्या वाळ्यातून किंवा गवताच्या पडद्यांतून ती ओढून, म्हणजेच तिच्यात बाष्प मिसळून. त्या झोतात पुडी ढिली पडते, वादक हातोडीने ती चढवतो, रात्री कूलर बंद झाला की चामडे पुन्हा वाळून आवळते आणि आता त्यावर हातोडीने दिलेला जादा ताणही असतो. पुडी फाटण्याचे किंवा शाईला तडे जाण्याचे हे एक हमखास कारण आहे. वाद्याला गारव्यापेक्षा स्थिरतेची गरज अधिक असते. जाड कापडी खोळीत गुंडाळून, बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेल्या कपाटात ठेवलेला तबला कूलरसमोरच्या तबल्यापेक्षा अधिक काळ टिकतो.

याच्या उलट टोकाचा समज पावसाळ्यात दिसतो: उतरलेला तबला उन्हात ठेवावा किंवा विस्तवावर शेकावा. हलगी शेकून वाजवतात हे खरे, पण हलगीच्या कातड्यावर शाई नसते. तबल्याची आणि पखवाजाची शाई लोखंडाची बारीक पूड व खळ यांचा लेप थरावर थर घोटून तयार होते, आणि उष्णतेने चामडे व लेप वेगवेगळ्या प्रमाणात आकसले की लेप सुटू लागतो. ही शाई म्हणजे शोभेचा काळा ठिपका नव्हे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत निघणारे वरचे सूर, एकमेकांशी पूर्ण संख्यांच्या प्रमाणात नसतात, त्यामुळे त्यातून निश्चित सूर ऐकू येत नाही. मध्यभागी शाईचे वजन दिल्यामुळे ते उपस्वर जवळजवळ पूर्ण संख्यांच्या प्रमाणात येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली सहकाऱ्यासह ‘नेचर’मध्ये याविषयी लिहिले आणि नंतर 1930च्या दशकात ते अधिक विस्ताराने मांडले. शाईचा एक टवका उडाला तरी सूर फाटतो तो याच कारणाने. खळ पाण्याने सैल पडत असल्यामुळे पुडी ओल्या फडक्याने पुसणेही टाळावे. कोरडे मऊ कापड पुरते.

सूर लावताना प्रत्येक वेळी गठ्ठ्यांवर घाव घालण्याची गरज नसते. गठ्ठे, म्हणजे पुडी ताणून धरणाऱ्या चामडी पट्ट्यांखाली सरकवलेले लाकडी ठोकळे, मोठ्या फरकासाठी असतात. किरकोळ फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर, वरून हलके ठोकून चढवता येतो आणि खालून ठोकून उतरवता येतो. हे ठोके तबल्याच्या सोळा घरांत एकामागून एक न देता समोरासमोरच्या घरांत द्यावेत, म्हणजे ताण सगळीकडे सारखा बसतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक पुढच्या भजनासाठी तशीच ठेवण्याची सवयही घातक आहे, कारण वाळताना ती कातडे ओढते आणि उंदीर व किडे यांना बोलावते; वादन संपताच ती खरवडून काढावी.

तंबोरा घुमेनासा झाला की तारा बदलल्या जातात. दोष मात्र अनेकदा जवारीत, म्हणजे घोडीच्या घासून आकार दिलेल्या पृष्ठभागात, किंवा तारेखालचा दोरा जागेवरून सरकण्यात असतो. दोरा केसभर पुढेमागे करून पाहिल्याखेरीज नव्या तारा घेऊ नयेत, आणि घोडी खरोखरच झिजली असेल तर ते काम मिरजेच्या कारागिरांसारख्या जाणत्या हातांकडे सोपवावे.

पेटी आणि तंबोरा एकदा जुळले की सर्व स्वर जुळतात, हाही असाच एक समज. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग असतात. सप्तकाचे 1200 भाग कल्पिले तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून 400व्या भागावर येतो, तर तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार सुमारे 386व्या भागावर असतो. पंचमात मात्र जेमतेम दोन भागांचे अंतर असते. आकाशवाणीवर 1940पासून तीन दशके पेटीला बंदी होती, तिच्यामागच्या आक्षेपांत मींड न निघणे आणि ही स्वरांची अडचण होती. साथ करणाऱ्याने गंधारावर रेंगाळू नये, एवढी काळजी पुरेशी ठरते.

ध्वनिमुद्रणात मोबाइलविषयीचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. अनेक फोन बोलणे स्पष्ट यावे म्हणून सतत चालणारा आवाज गोंगाट समजून आपोआप दाबतात. तंबोऱ्याची आस आणि पेटीचा धरलेला सूर हे सतत चालणारे आवाजच असल्यामुळे पहिला बळी त्यांचा जातो. गोंगाट दाबण्याची आणि आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची सोय बंद करता येईल असे अ‍ॅप निवडले, तर त्याच फोनवर बरेच चांगले मुद्रण मिळते. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवल्याने बाहेरचा आवाज अडत नाही. ट्रे हलके असतात, आणि आवाज अडवायला वजनदार, फटी नसलेली भिंत व दार लागते. ज्या चिकलठाण्यात एका बाजूला विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे, तेथे शांत वेळ निवडणे हाच स्वस्त उपाय ठरतो. फरशीचा आणि उघड्या भिंतींचा घुमारा मात्र सतरंजी, गाद्या आणि जाड गोधड्यांनी चांगला कमी होतो. पंखा व कूलर बंद ठेवावा, तबल्याचा मायक्रोफोन हातभर उंचीवरून दोन्ही पुड्यांकडे रोखावा, पेटीचा मायक्रोफोन भात्याच्या बाजूला ठेवू नये, आणि पातळी शक्य तितकी उंच ठेवण्याऐवजी सर्वांत जोरकस बोल वाजवून पाहून कमाल मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खाली लावावी, कारण मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.