हिमालयाची वाट पंधरा दिवसांत बसविताना

यवतमाळ : दिवाळीची सुटी आणि शिल्लक रजा यांची बेरीज केली, तरी नोकरदाराच्या हाती जेमतेम पंधरा दिवस उरतात. नेपाळच्या हिमालयातील पदभ्रमणासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उत्तम मानला जातो. त्यामुळे ऋतू आणि सुटी यांचा मेळ सहज जमतो. प्रश्न उरतो तो दिवसांच्या हिशेबाचा आणि याच हिशेबात अनेकांची गफलत होते.

बहुतेकांच्या मनात पहिले नाव येते ते एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळाचे. हा तळ ५,३६४ मीटर उंचीवर आहे. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर वसले आहे. म्हणजे हे अंतर केवळ किलोमीटरचे नसून जवळजवळ पाच हजार मीटर उंचीचे आहे.

कोठे घाई चालत नाही

उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही घटतो. एव्हरेस्टच्या तळावर तो समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास निम्माच असतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते. पण त्याला वेळ लागतो. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. रोज चार किलोमीटर धावणाऱ्या तरुणालाही या नियमातून सूट नाही. चिखलदऱ्याच्या घाटात किंवा कळसूबाईवर केलेल्या सरावाने पाय आणि दम तयार होतो. मात्र कळसूबाईची उंची १,६४६ मीटरच असल्याने विरळ हवेची सवय तेथे होत नाही.

एव्हरेस्टच्या वाटेवर लुक्ला ते लुक्ला असा प्रवास, नामचे आणि डिंगबोचे येथील विश्रांतीचे दिवस धरून, अकरा दिवसांचा होतो. बाराव्या दिवशी परतीचे विमान असते. यवतमाळहून नागपूर, दिल्लीमार्गे काठमांडूला जाण्या-येण्याचे चार दिवस आणि काठमांडूतील तयारीचा एक दिवस मिळविला, की बेरीज सतरा होते. शिवाय ढगांमुळे लुक्लाची विमाने अडकून पडतात, तेव्हा दोन दिवस हाताशी हवेतच. एकूण झाले एकोणीस. पंधरा दिवसांत हे बसवायचे, तर कात्री विश्रांतीच्या दिवसांवरच चालते आणि तेथेच धोका सुरू होतो.

अन्नपूर्णेचा पर्याय

त्याऐवजी ४,१३० मीटर उंचीवरील अन्नपूर्णा तळ हा पंधरा दिवसांत बसणारा बेत आहे. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, तेथून सोनौली सीमा आणि पुढे बसने पोखरा, असा हा मार्ग आहे. त्यासाठी काठमांडूला जावे लागत नाही आणि लुक्लाच्या विमानाची वाटही पाहावी लागत नाही. जाण्याचे तीन आणि येण्याचे तीन दिवस धरावेत. पोखराहून चालण्याचे मुक्काम असे ठेवता येतात : छोमरोंग (२,१७० मीटर), बांबू (२,३१०), देउराली (३,२३०), माछापुछ्रे तळ (३,७००) आणि पाचव्या दिवशी अन्नपूर्णा तळ. उतरायला दोन दिवस पुरतात. अनेक जण देउरालीहून एकाच दिवसात थेट वर जातात. ही नऊशे मीटरची झेप टाळावी. असे केल्यावरही तेरा दिवसच होतात आणि दोन दिवस राखीव उरतात.

हे राखीव दिवस चैनीचे नव्हेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या 'हुदहुद' चक्रीवादळाच्या प्रभावाने अन्नपूर्णा परिसरात अवेळी हिमवादळ झाले. त्यात चाळीसहून अधिक जणांचा बळी गेला. हवा बिघडली की आहे तेथेच थांबता आले पाहिजे.

निघण्यापूर्वी

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मात्र पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. परदेशी पदभ्रमणकर्त्यांनी परवानाधारक मार्गदर्शक सोबत घ्यावा, असा नियम नेपाळने एप्रिल २०२३ पासून केला आहे. त्यामुळे नोंदणीकृत संस्थेशी आधीच बोलून परवाने आणि शुल्काची खात्री करावी. विमा घेताना किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका त्यात येते का, या दोन ओळी आवर्जून वाचाव्यात. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

वाटेत डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे अशी लक्षणे दिसली, तर आणखी वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरणे हाच खरा उपचार आहे. सोबत्यांपैकी कोणाला असे झाल्यास त्याला एकट्याने खाली पाठवू नये. बेत आखतानाच हे सर्वांनी मान्य करावे. कारण तळ शेवटच्या टप्प्यात आला असताना माघारी वळण्याचा निर्णय घेणे फार कठीण जाते.